खिंडीवरची चांदणी

आकाश बघायला तिकीट लागेल असं मला लहानपणी कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला अंगारा लावायला नेलं असतं. आमच्याकडे वीज नव्हती. रात्रीची जेवणं उरकली की आकाशाशिवाय बघायला दुसरं काही नसायचंच, त्यामुळे त्याचं कौतुकही कोणाला नव्हतं. आता कामशेतहून पवना धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला एका माळावर पांढरा घुमट उभा राहिलाय. लांबून तो पालथ्या घातलेल्या भल्यामोठ्या टोपासारखा दिसतो. आत बसलं की वर आणि चहूबाजूंनी आकाश दाखवतात. घुमट रात्रीही उठून दिसावा म्हणून त्याच्याभोवती मोठाले दिवे लावलेत. त्या दिव्यांमुळे आसपासच्या गावांतून तारे दिसेनासे झालेत. ते बघायला मग आत जावं लागतं.

मी नंदाबाई. कामशेतच्या शाळेत शिकवण्यात माझा जन्म गेला. अर्धा बाजार माझ्या हातची छडी खाऊन मोठा झालाय, त्यामुळे भाजीवाले मला अजून घाबरतात आणि कोथिंबीर वर घालतात. माझं माहेर आंबळवाडी. ती नकाशात सापडणार नाही, कारण ती धरणाच्या पाण्याखाली आहे. मी लग्न होऊन कामशेतला आले आणि काही वर्षांनी माझ्या मागोमाग माहेरची माणसंही आली, भांडी, गुरं, देव आणि दाराच्या चौकटी घेऊन. त्यानंतर मी माहेरी गेले नाही. जाणार कशी? मला पोहता येत नाही.

तर घुमटवाल्यांना पहिल्या खेळासाठी धरणाआधीचं मावळ आठवणारं माणूस हवं होतं. सरपंच भिमाजीने माझं नाव सांगितलं. एका सकाळी दोघं जण माझ्या ओसरीवर आले. एक स्वराज, कलावंत. पन्नाशीचा, पांढरी दाढी, लोणावळ्याला बंगला. तो अनवाणी फिरतो, पण गाडीतून. दुसरी डॉक्टर समीक्षा, पुण्याची खगोलशास्त्रज्ञ. चाळिशीची, पाठीवर पिशवी, बोलणं मोजकं. कला आणि विज्ञान यांचा संगम करायचा असं त्यांच्या प्रतिष्ठानाने ठरवलं होतं. संगम झाला होता खरा, पण दोघं एका गाडीतून येऊन एकमेकांशी बोलत नव्हते.

"आज्जी," स्वराज म्हणाला. त्याच्यापेक्षा मी पंचवीस वर्षांनी मोठी, तेव्हा हरकत नव्हती, पण तो 'ज' उगाच दोनदा म्हणायचा. "आज्जी, आमचा शो इमर्सिव्ह आहे. म्हणजे माणूस त्यात बुडून जातो."

"बुडण्याचं मला नका सांगू," मी म्हटलं. "माझं अख्खं गाव बुडालंय."

"वा!" तो म्हणाला आणि डोळे मिटून बसला. आता याला फिट येतेय की काय म्हणून मी पाणी आणायला उठले.

समीक्षाने मला कामाचं सांगितलं. संगणकावर आकाश मागे नेता येतं. कुठल्याही वर्षीची, कुठल्याही रात्रीची ग्रहताऱ्यांची जागा बिनचूक काढता येते. "काकू, तुमच्या लहानपणी तुमच्या अंगणातून जसं आकाश दिसायचं, तसंच्या तसं तुम्हाला परत दाखवते," ती म्हणाली. "डोंगर हे काढतील. तुम्ही फक्त चुकलं तिथे सांगायचं."

तसंच्या तसं. मी चहा गाळत राहिले आणि कप भरून बशीत वाहिला तेव्हाच थांबले.

मग आम्ही होडीतून पाण्यात गेलो. मला केशरी फुगीर जाकीट घातलं. काठावर तंबूंची रांग लागली होती आणि निसर्गाच्या शांततेत चार दिवस राहायला आलेली मंडळी चार वेगवेगळी गाणी मोठ्याने वाजवत होती. मी उत्तरेकडे तोंड करून लोहगड आणि विसापूर डोळ्यांनी पकडले, मागे वळून तुंग बघितला, डावीकडे तिकोना. "अजून पुढे. जरा तिकडे. इथे. इथे आमचं अंगण."

खाली हिरवं पाणी होतं. समीक्षा कोन मोजत होती, स्वराज गोल फिरत फोटो काढत होता. होडीवाला म्हणाला, "मावशी, हितं मासं लय गावत्यात." मला बरं वाटलं. आमच्या अंगणात अजून कोणीतरी आहे.

तिथेच मी त्यांना चांदणीचं सांगितलं.

थंडीच्या दिवसांत, भात झोडायच्या वेळेला, वडील मला पहाटे उठवायचे. त्यांच्याबरोबर खळ्यावर जायला मला आवडायचं, पण उठायला आवडायचं नाही. मग ते मला गोधडीसकट उचलून अंगणात आणायचे आणि लोहगड-विसापूरच्या मधल्या खिंडीकडे बोट करायचे. खिंडीच्या जरा उजव्या अंगाला, विसापूरच्या खांद्यावर एक पिवळी चांदणी असायची. "नंदे, चांदणी उगवली बघ. ती उठली, तू कसली लोळतीस?" बाकी आकाशात काय काय होतं ते मी पुढे पुस्तकांतून शिकले. ही एकच मला वडिलांनी दाखवली. आमच्या घराचा दगडही आता माझ्याकडे नाही. ही चांदणी तेवढी होती.

समीक्षाने नकाशा बघितला. मग संगणक बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"काकू, ती उत्तर दिशा आहे. शुक्र तिकडे कधीच जात नाही. एकही ग्रह जात नाही."

"मग ध्रुव असेल."

"ध्रुव त्या डोंगराच्या बराच वर असतो, आणि तसा मंदच. शिवाय ही तुम्हाला रोज तिथेच दिसायची?"

"रोज."

"ध्रुव सोडला तर एकही तारा रोज त्याच वेळी त्याच जागी राहत नाही हो."

"तुमचा नसेल राहत," मी म्हटलं. "आमचा राहायचा."

स्वराजने डोळे मिटले आणि पुन्हा "वा!" म्हणाला.

घुमटातल्या भांडणाला तिथून तोंड फुटलं. समीक्षाचं म्हणणं, जो तारा नाही तो दाखवणार नाही. उद्या शाळेची मुलं येणार आहेत. स्वराजचं म्हणणं, स्मृती हेच खरं आकाश आहे आणि विज्ञानाने नम्र व्हावं. ती म्हणायची, नम्रच आहे, पण उत्तर ही उत्तरच आहे. बैठकांवर बैठका झाल्या. मला प्रत्येक बैठकीला गाडी पाठवून नेत आणि कोपऱ्यात बसवून बिस्किटं देत. प्रतिष्ठानाला पैसा पुरवणारे एक बिल्डरसाहेब होते, धरणाकाठी मुंबईकरांसाठी बंगले बांधणारे. दोन्ही बाजू शांतपणे ऐकून त्यांनी विचारलं, "तारा जर नक्की नसेलच, तर तो थोडा आमच्या फेज-टूच्या वर घेता येईल का?"

समीक्षाने तपासायचं काही बाकी ठेवलं नाही, हे मला मान्य केलं पाहिजे. तिने त्या काळातले धूमकेतू बघितले. ते दुसऱ्या बाजूला होते. तिने फुटलेले तारे बघितले. उपग्रह बघितले, ते तेव्हा नव्हतेच म्हणावेत इतके थोडे होते. एवढी शिकलेली माणसं त्या टेबलाभोवती बसली होती, त्यात मीही धरून, आणि आमचं सगळ्यांचं लक्ष वरच होतं.

घरी वेगळंच चाललं होतं. माझा मुलगा आणि सून अनिता तळेगावला असतात. गेल्या वर्षी मी दूध गॅसवर ठेवून शेजारी गप्पा मारायला गेले आणि पातेलं जळालं. तेव्हापासून माझ्या विसरण्याचा विषय दर रविवारी जेवणानंतर निघतो. अनिता वाईट नाही. ती काळजीनेच बोलते, आणि काळजीशी भांडता येत नाही. तिला चांदणीचं कळलं, तेव्हा ती खूप हळू आवाजात म्हणाली, "आई, स्वप्नात बघितलं असेल तुम्ही. होतं असं या वयात. तळेगावला एक चांगले डॉक्टर आहेत, मेमरीचे."

"आणि मग?"

"मग काही नाही. पण एकट्या नका राहू ना आता. कामशेतचं घर बंद करू या."

म्हणजे गंमत बघा. संगणकाने सांगितलं की चांदणी नव्हती, आणि त्यामुळे माझं घर बंद होणार. एक घर पाण्याने नेलं, दुसरं खगोलशास्त्र नेणार. चांदणी गेली असती तर माझ्या डोक्यातलं बाकीचं तरी कोण खरं मानणार होतं? वडिलांचं बोट, ते अंगण, ती गोधडी? मीच मानलं असतं का?

मी स्वराजला फोन केला आणि सांगितलं, "चांदणी ठेवायची. नाहीतर माझा आवाज वापरायचा नाही." निवेदन माझ्या आवाजात होतं आणि ते त्यांनी आधीच रेकॉर्ड केलं होतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी लोणावळ्याच्या बंगल्यात मला एका गाद्या लावलेल्या खोलीत बसवून स्वराज तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावत होता. "आज्जी, आवाज थोडा थकलेला हवा. थोडी थरथर." मी म्हटलं, "मी थकलेली नाहीये. शाळेत चौथीचे दोन वर्ग एका वेळी सांभाळलेत." शेवटी त्याने यंत्रावर माझ्या आवाजात थरथर घातली. आता त्या खेळात मी मरायला टेकल्यासारखी बोलते.

शेवटी तडजोड झाली. चांदणी राहील, पण निम्म्या तेजाने. आणि माझं वाक्य संपलं की लगेच एक गंभीर पुरुषी आवाज सांगेल : 'सदर तारा वैयक्तिक आठवणीवर आधारित असून त्याच्या अस्तित्वास खगोलशास्त्रीय पुष्टी नाही.' दोन्ही बाजू सारख्याच नाराज झाल्या, म्हणून तडजोड उत्तम ठरली.

मी अनिताला उद्घाटनाला बोलावलं. "या आणि बघा," म्हटलं. "एवढ्या मोठ्या घुमटात दाखवतायत. स्वप्न असतं तर दाखवलं असतं का?" हे बोलताना माझा मलाच भरवसा नव्हता.

उद्घाटन दुपारी होतं. प्रतिष्ठानाला पहिला खेळ 'स्थानिक समुदायासाठी' करायचा होता, कारण तसे फोटो लागत होते. आमच्या गावकीची मंडळी आली. कान्ह्याहून, पवनेच्या काठावरून आली. डोंगराकडच्या वाडीवरच्या बायकांना जीप पाठवून आणलं होतं आणि 'पारंपरिक वेशात या' असा निरोप होता. त्या रोज जे नेसतात तेच नेसून आल्या होत्या.

घुमटाच्या मधोमध ते यंत्र बसवलेलं, ज्यातून सगळं आकाश निघतं. आमच्याकडे नवीन ट्रॅक्टर येवो, गिरणी येवो, पूजा केल्याशिवाय सुरू करत नाहीत. भिमाजीने यंत्राला हळदकुंकू लावलं, जास्वंदीचा हार घातला, नारळ फोडला. समीक्षाने काचेवर पाणी उडू नये म्हणून रुमाल आडवा धरला होता. सगळ्यांनी यंत्राला वाकून नमस्कार केला. बिल्डरसाहेबांनीही केला. इथवर कोणाचं काहीच चुकलं नाही.

मग स्वराज माईकवर आला. "मंडळी, आता सगळ्यांनी आपापल्या खुर्च्या मागे करून झोपून घ्या."

कोणी हललं नाही.

खुर्च्या गोलाकार मांडलेल्या होत्या, मागे रेललं की पाय लांब होणाऱ्या. आडवं झालं म्हणजे पाय सरळ मधल्या यंत्राकडे येत होते. हार घातलेल्या, कुंकू लावलेल्या, आत्ताच नमस्कार केलेल्या यंत्राकडे.

"देवाकडं पाय करून?" मागून कोणीतरी पुटपुटलं.

"कृपया रिलॅक्स व्हा. झोपा," स्वराज म्हणाला.

"आत्ता? जेवायच्या आधी?" कान्ह्याचे एक आबा म्हणाले. "झोपायचं तर घरी काय वाईट व्हतं? जीपगाडी कशाला धाडली?"

बायकांकडे तर निराळीच अडचण. पुढच्या रांगेत भिमाजी आणि भावकीतली थोरली माणसं बसलेली. त्यांच्यासमोर पाय पसरून आडवं व्हायचं? माझ्या शेजारच्या रांगेत एकमेकींना कोपरं मारणं चाललं होतं.

"तू हो की आडवी."

"मी? मामंजी हितं बसल्यात! तुजं तू बघ."

"आवं, अंधार करनार हाईत म्हनं."

"अंधारात? मंग तर आजाबात न्हाई!"

माझी सून कंपनीत अधिकारी आहे, मीटिंगमध्ये साहेबांना गप्प करते. पण तिचे चुलत सासरे समोर दिसताच तिने पदर सावरला आणि पाठ शिपायासारखी ताठ केली. मी म्हटलं, "अनिता, तू तरी." ती म्हणाली, "आई, तुम्ही तरी." मीही झाले नाही. मी निवृत्त शिक्षिका असले तरी भिमाजी माझा दीर लागतो.

समीक्षाने स्वराजच्या कानात काहीतरी सांगितलं. मला वाटतं, त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं असावं, की आता काही होणार नाही. दिवे मालवले.

आठ महिने खपून त्यांनी वर जे काही केलं होतं, ते अगदी डोक्यावर, घुमटाच्या माथ्यावर होतं. आकाशगंगा, तेजोमेघ, एक तारा जन्मताना, एक मरताना. ते सगळं आमच्या डोक्यावरून गेलं. कारण माना वर कोणी केल्याच नाहीत. ताठ बसलेल्या माणसाला समोर जे दिसतं तेच आम्ही बघत होतो, म्हणजे घुमटाची खालची कड. तिथे स्वराजने होडीतून टिपलेले डोंगर काळ्या सावलीसारखे गोल काढले होते.

आणि ते डोंगर, खरं सांगते, हुबेहूब होते.

"आरं, ह्यो तुंग!"

"ह्यो तिकोना. त्येच्या खाली माजी आत्या दिलीवती."

"धरन कुटंय मंग?"

"धरन न्हाईच यात. आदीचं हाय."

'आदीचं हाय' म्हटल्यावर सगळे पुढे वाकून बघू लागले. मीही बघत होते. पाणी नव्हतं. जिथे पाणी हवं तिथे काळोख होता आणि त्या काळोखात कुठेतरी मी बसले होते. समोर लोहगड, विसापूर, मध्ये खिंड. आणि उजव्या अंगाला, निम्म्या तेजाने का होईना, माझी चांदणी.

माझा थरथरता आवाज घुमला : 'माझे वडील म्हणायचे, नंदे, चांदणी उगवली बघ.'

आणि लगोलग तो पुरुषी आवाज : 'सदर तारा वैयक्तिक आठवणीवर आधारित असून त्याच्या अस्तित्वास…'

"तारा कसला, आं?" अंधारातून एक बाई मोठ्याने म्हणाली. "आरं, ती आमची चूल हाय!"

आवाज मी ओळखला. ती बाया होती, डोंगराकडच्या वाडीवरची. बाजाराच्या दिवशी ती कामशेतच्या पुलाखाली रानभाज्या घेऊन बसते, उन्हाळ्यात करवंदं. कित्येक वर्षं मी तिच्याकडून घेतेय. खुर्चीवर बसायचं तिला जमलं नव्हतं, ती कडेला भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. आता ती उठली आणि सरळ विसापूरजवळ गेली. यंत्राचा उजेड तिच्या पाठीवर पडला आणि तिची सावली सगळ्या उत्तर दिशेला झाकून बसली.

"बाई, खाली बसा!" स्वराज माईकवर म्हणाला.

"थांब रं तू. मास्तरीनबाई, हिकडं या. तुमी हितं काय म्हनून सांगितलंसा?"

मी अंधारात चाचपडत गेले. मागून अनिता, मी पडेन म्हणून. "चांदणी म्हणून," मी म्हटलं.

"चांदनी? आवं, गडाच्या कुशीला आमचं चार खोपटं व्हती. म्या तितंच जलमली. आमची आय पहाटंच उठून चूल पेटवायची, नागलीच्या भाकरी थापायची आन् मंग आमी लाकूडफाटी घिऊन बाजाराला उतरायचो. थंडीत तर चूल दारातच, सगळी पोरं शेकत बसायची. ह्या हितं." तिने भिंतीवर बोट टेकवलं. "पर ही वर काढलीया. वर कशी असंल? वर कडा हाय. आमी काय कड्याला लोंबकळत व्हतो?"

काळोख्या पहाटे डोंगर कुठे संपतो आणि आकाश कुठे सुरू होतं हे खालून कळत नसे. डोंगरावरचा उजेड मला आकाशातला वाटला. एवढंच होतं.

समीक्षा टेबलामागून धावत आली. इतकं आनंदलेलं मी तिला कधी बघितलं नव्हतं. "म्हणून उत्तरेला! म्हणून रोज त्याच जागी! म्हणून पिवळी! काकू, तुम्ही बरोबर बघितलं होतं. अगदी बरोबर! फक्त तारा नव्हता तो!"

"ऐकलंस?" मी अनिताला म्हटलं.

"ऐकलं," ती म्हणाली. "म्हणजे आई, तुम्हाला दिसत होतं."

"दिसत होतं."

"बरं," ती म्हणाली आणि माझा दंड धरला होता तो सोडला. तळेगावच्या डॉक्टरांचं नाव त्यानंतर निघालेलं नाही. दूध मात्र आता ती मला फोनवरून आठवण करून देऊनच तापवू देते. तेवढं चालायचंच.

समीक्षा टेबलाकडे गेली आणि चांदणी हलवू लागली. "इथे?"

"खाली घे," बाया म्हणाली. "आजून. आता हिकडं. हां, हितं जांबळीचं झाड व्हतं, त्येच्या बुडाला. आन् येवडी पांढरी नगं. इस्तू पांढरा असतो व्हय?"

उजेड पिवळा झाला, मग तांबूस. डोंगराच्या काळ्या सावलीत एक ठिपका पेटला.

बाया त्याच्याकडे बघत म्हणाली, "आमी वरनं तुमच्या गावाचं दिवं बघायचो."

मला एकदम भरून आलं. "चांदण्यांसारखे दिसत असतील."

"चांदन्या कशाच्या? आय म्हनायची, बगा, त्यांच्याकडं राकील हाय." मग म्हणाली, "पुडं तुमचं गाव पान्यात गेलं, आन् आमाला बी वरनं खाली उतरावं लागलं."

मी तिला विचारलं, "पण बाया, माझे वडील मला तारा म्हणून दाखवायचे गं. त्यांना माहीत नव्हतं का?"

"आंबळवाडीचं श्रीपतीआबा ना? उंच, कानात भिकबाळी?" बाया हसली. "त्येंस्नी म्हाईत न्हाई? मध न्ह्यायला यायचं की वर. त्याच चुलीम्होरं बसायचं. आयच्या हातची भाकर लय आवडायची त्येंस्नी. म्हनायचं, आमच्या घरात सांगू नगंस बरं का."

आमच्या घरात माझी आजी होती. डोंगरावरच्या माणसांनी आणलेला मधही ती पाणी शिंपडून आत घ्यायची. वडील त्यांच्या चुलीपुढे बसून जेवून येतात हे तिला कळलं असतं, तर तिने त्यांना घरात घेतलं नसतं. म्हणून मग रोज पहाटे, तिच्या दारात उभं राहून, मुलीला गोधडीसकट उचलून, ते त्या चुलीकडे बोट करायचे आणि चांदणी म्हणायचे.

मी अंधारात उभी राहिले. माथ्यावर एक तारा जन्माला येत होता म्हणे. ते मी बघितलं नाही.

खेळ आता जोरात चालतो. शनिवार-रविवारी लोणावळ्याहून बस येतात. पुण्या-मुंबईची माणसं बिनदिक्कत आडवी होतात, काही घोरतातही. माझ्या वाक्यानंतर तो पुरुषी आवाज अजून सांगतो की सदर ताऱ्यास पुष्टी नाही. रेकॉर्डिंग बदलायचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा, कलेच्या की विज्ञानाच्या, हे ठरलेलं नाही. बिल्डरसाहेबांनी आपल्या नव्या बंगल्यांच्या जाहिरातीत 'चुलीवरचं जेवण' घातलंय. आणि मी अजून कामशेतलाच आहे.

मला आणि बायाला फुकट प्रवेश असतो. परवा आम्ही दोघी गेलो. आम्ही आडव्या झालो नाही. तिने पिशवीतून नाचणीची भाकरी काढली, आत खायला मनाई असताना, आणि अर्धी मला दिली. विसापूरच्या सावलीत ठिपका पेटला तशी ती चावता चावता थांबली.

"धूर कुटाय?" ती म्हणाली. "वली लाकडं असायची आमची. धूर न्हाई तर कसली चूल?"

हे मी स्वराजला सांगितलं. त्याने डोळे मिटले, "वा!" म्हणाला आणि धूर काढायला घेतला. समीक्षाचं म्हणणं, धूर दाखवला तर त्याच्यामागचे खरे तारे झाकले जातील. त्यावर सध्या बैठका चालू आहेत. या वेळी गाडी बायालाही आणायला जाते, आणि बिस्किटं ती पिशवीत भरून नेते.